झाकण उघडायचं नाही

तो मला हात करतोय असं वाटून मीही हात केला, तिथून सगळं सुरू झालं.

मंगळवारची दुपार होती. मामा जेवायला घरी गेला होता आणि त्याच्या चष्म्याच्या दुकानात मी एकटीच फ्रेमा पुसत बसले होते. गिऱ्हाईक नव्हतं. तेवढ्यात बाहेर शोकेसच्या काचेपाशी एक उंच, सडपातळ माणूस येऊन थांबला. त्याने उजवा हात उचलला, पंजा पसरला आणि तसाच धरून ठेवला. आता कुणी असा पंजा दाखवल्यावर माणूस काय करणार? मी हसून हात हलवला. त्याने बघितलंच नाही. तो आपला पंजा एकदा वर, एकदा खाली करत शोकेसच्या फळीकडे टक लावून बघत होता. मी हवेतला हात हळूच केसांवरून फिरवला, जणू तेवढ्यासाठीच उचलला होता.

मग तो दार ढकलून आत आला.

"नमस्कार. तुमच्या काचेत उजेड फार चांगला आहे," तो म्हणाला.

आमच्याकडे लोक येतात ते दिसत नाही अशी तक्रार घेऊन. उजेडाचं कौतुक करायला आलेला हा पहिलाच.

"चष्मा हवाय?"

"नाही. नजर चांगली आहे माझी."

"मग बाहेर हात कुणाला करत होता?"

"सावलीला." हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं, की मीच ओशाळले. "सावली गडद पडली तर ऊन जास्त. पडलीच नाही तर उजेड कमी. तुमच्याकडे पुसट पडते, कडा विरघळल्यासारखी... मला अगदी तशीच हवी होती." मग जरा थांबून तो म्हणाला, "तुम्हीही हात केलात ना? मला वाटलं, इथून जा म्हणताय."

"जा म्हणायचं असतं तर दोन्ही हात केले असते."

तो हसला. आधी त्याचे डोळे हसले आणि ओठ मागाहून आले. त्याचं सगळंच असं सावकाश असतं, हे मला पुढे कळायचं होतं.

दोन गल्ल्या सोडून जी रक्त तपासायची लॅब आहे, तिथे तो काम करायचा. त्याच्या खोलीची एकमेव खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीला चिकटलेली, लॅबमध्ये दिवसभर ट्यूबलाइट, आणि गच्चीवर त्याची मोठी झाडं तगली तरी कोवळे कोंब करपतील असं ऊन. त्याच्याकडे एका कागदात गुंडाळलेली दोन फळं होती, लालसर, बोराएवढी. ती लोंबत्या निवडुंगाची आहेत म्हणाला. त्यांचं बी लावायचं होतं आणि त्यासाठी दोन डबे ठेवायला जागा हवी होती.

"निवडुंग? चष्म्याच्या दुकानात काटे कुणी ठेवतं का?"

"याला काटे नसतात. हा वाळवंटातला नाही, घनदाट जंगलातला आहे. उंच झाडांच्या बेचक्यात पाचोळा साठतो ना, त्यात वाढतो. चपट्या, लांब फांद्या खाली लोंबत राहतात."

"म्हणजे दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू."

"भाडेकरू खरा, पण घरमालकाच्या ताटातलं काही खात नाही," तो म्हणाला आणि पुन्हा आधी डोळ्यांनी हसला.

मी मामाला विचारते म्हणाले. खरं तर मी ठरवून टाकलं होतं.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. घरात मला भिंगरी म्हणतात. मी चार वर्षांत पाच नोकऱ्या सोडल्या होत्या. पोहणं शिकायला गेले ते पाय ओले करून परतले. विणायला घेतलेला स्वेटर एका बाहीवर थांबलाय. जवळजवळ ठरत आलेल्या एका लग्नातूनही मी समोरचा चहा निवायच्या आत उठून आले होते. मामी म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आणि जिभेला लगाम नाही. मामाने दुकानात बसवलं ते तरी कितपत टिकणार, यावर घरात कुणीच पैज लावायला तयार नव्हतं. मला स्वतःलाही रोज सकाळी दुकानाचं शटर वर करताना वाटायचं, की आपण भलत्याच कुणाच्या आयुष्याचं दार उघडतोय.

मामाने आढेवेढे न घेता परवानगी दिली. "ठेवू दे. निदान लोक काचेपाशी थांबतील तरी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने आमच्या काउंटरवर संसार मांडला. सोबत दोन पारदर्शक डबे आणले होते, घट्ट झाकणाचे. चाळलेली कुजलेल्या पानांची माती आणि जाडी वाळू त्याने आदल्या दिवशीच उकळत्या पाण्याने धुऊन आणली होती. पहिलं फळ त्याने बोटांनी दाबलं. आतून चिकट गर आला आणि त्यात काळे, चमकणारे दाणे, मोहरीच्या निम्मेही नसतील. ते त्याने चहाच्या गाळणीत धुतले, टिपकागदावर पसरले आणि मग टूथपिकच्या टोकाने एकेक उचलून ओल्या मातीवर नुसते ठेवले.

"पुरायचे नाहीत?"

"नाही. यांना उजेड दिसायला लागतो, तरच उठतात."

"माझ्या अगदी उलट. मला उजेड दिसला की मी पांघरूण वर ओढते."

"तुम्हाला निवांत झोप लागते असं वाटत नाही तुमच्याकडे बघून," तो मान वर न करता म्हणाला. मी उगाच गाळणी झटकायला घेतली.

दोन्ही फळं गच्चीवरच्या त्याच्याच लाल फुलांच्या झाडाची होती. एका फुलावर त्याने शेजाऱ्याच्या लाल झाडाचे पराग लावले होते. दुसऱ्यावर लावले होते पांढऱ्या झाडाचे. ते पांढरं झाड त्याच्या लॅबमधल्या मोठ्या मॅडमचं. त्या निवृत्त होऊन भावाकडे राहायला गेल्या आणि तिथल्या दमट हवेत झाड मुळापासून कुजलं. पांढऱ्याचा आता एवढाच अंश उरला होता. तीन वर्षं खटपट केल्यावर हे एक फळ धरलं होतं, आणि त्यातलं पहिलं रोप मॅडमना पाठवायचं त्याने कबूल केलं होतं.

झाकणं लावून त्याने मार्करने वर लिहिलं. एकावर 'लाल-लाल' आणि दुसऱ्यावर 'लाल-पांढरा', खाली तारीख.

"आता एकच पथ्य. झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी आतच फिरतं, वेगळं घालावं लागत नाही."

"किती दिवस?"

"कोंब यायला दोन-तीन आठवडे. झाकण चार महिने."

"आणि फूल?"

"चार वर्षं. कधी पाचही."

"चार वर्षं," मी म्हणाले, "एवढ्यात माझ्या पाच नोकऱ्या होतात."

"म्हणून तर तुमच्या हाती देतोय. चार वर्षांत कंटाळा कसा येतो ते मला कुणीतरी सांगायला हवं."

जाताना त्याने एक भिंगही घेतलं, मूठ असलेलं, आणि ते डब्यांशेजारीच ठेवून गेला.

मग तो रोज यायला लागला. लॅबची पाळी संपली की पाचच्या सुमाराला दार ढकलायचा, भिंगातून दोन्ही डबे बघायचा, ॲप्रनच्या खिशातून छोटी वही काढायचा आणि काहीतरी लिहायचा. कोंबांचा पत्ता नव्हता तेव्हाही लिहायचा. मी एकदा वाकून बघितलं, तर 'आज काही नाही' असं ओळीने अकरा दिवस लिहिलेलं होतं.

"हे कशाला लिहायचं?"

"सवय आहे. आमच्याकडे लिहिलेलं तेवढंच खरं. नाव नसलेली रक्ताची नळी आली, तर आत काहीही असो, आम्ही फेकून देतो. कुणाची असेल याचा अंदाज लावायचा नाही."

"अंदाज बरोबर असला तरी?"

"तरीही."

मामा म्हणायचा, गिऱ्हाईक म्हणून आला असता तर याचं खातं उघडलं असतं. मामी त्याला 'तो रक्तवाला' म्हणायची आणि तो आला की नेमकं काहीतरी न्यायला दुकानात यायची.

एक दिवस तो म्हणाला, माझे डोळे तपासा.

"नजर चांगली आहे म्हणाला होतात."

"खात्री करून घेतलेली बरी."

नजर चांगलीच निघाली. सगळ्यात खालची ओळही त्याने धडाधड वाचली. मग म्हणाला, चष्मा करायचाच झाला तर आणखी काय काय मोजतात? मी म्हटलं, दोन बाहुल्यांमधलं अंतर. म्हणाला, मोजा. आता हे मोजायचं म्हणजे समोरासमोर बसायचं, हातभर अंतरावर, त्याच्या नाकावर पट्टी आडवी धरायची आणि म्हणायचं, "माझ्या डाव्या डोळ्यात बघा." दिवसातून दहा वेळा मी हे म्हणते. पेन्शनवाल्यांना म्हणते, शाळकरी पोरांना म्हणते, कधी काही वाटत नाही. त्या दिवशी 'माझ्या' म्हटलं आणि पुढे डावा की उजवा... तेच विसरले. तो बघत होता, आणि पट्टीवरचे आकडे मला एकाएकी वाचता येईनात.

"किती आलं?" त्याने विचारलं.

"पुन्हा मोजावं लागेल."

"मोजा की. मला घाई नाही," तो म्हणाला. त्या आठवड्यात त्याने तीनदा डोळे तपासून घेतले.

सतराव्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं, भिंग उचललं आणि बघते तर मातीवर हिरवे ठिपके. प्रत्येकाला दोन जाडजूड, इवलीशी पानं. मी लॅबमध्ये फोन केला.

"आले."

"कोण?" मागे कुठलंतरी यंत्र घरघरत होतं.

"सहा जण. एका डब्यात चार, दुसऱ्यात दोन. ये ना लवकर."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी 'ये' म्हणाले होते. तो दहा मिनिटांत आला, ॲप्रनसकट, आणि आम्ही दोघं एकाच भिंगातून बघत राहिलो. त्याच्या हाताला स्पिरिटचा वास येत होता. दोघांपैकी कुणीच त्या 'ये'बद्दल बोललं नाही आणि संध्याकाळी मी पुन्हा 'तुम्ही'वर आले.

महिनाभरात डब्यांत हिरवी गर्दी झाली. तो दर शनिवारी कोंब मोजायचा आणि आकडे वहीत टिपायचा. दोन महिन्यांनी पानांच्या मधून खोडं वर आली, आणि त्यांवर बारीक पांढरे काटे.

"काटे नसतात म्हणे," मामा म्हणाला.

"लहानपणी असतात मामा. मोठं झालं की जातात. फांद्या चपट्या होतात आणि लोंबायला लागतात."

"आमच्या भिंगरीचे अजून गेले नाहीत," मामा म्हणाला. मामा हसला, तो मात्र नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "मला तर काही टोचलं नाही अजून."

त्या दिवसांत मला झोप लागत नव्हती हे खरं. बसलं तर उठावंसं वाटायचं, उठलं तर दाराकडे बघावंसं वाटायचं, आणि साडेचार वाजले की घड्याळाचा काटा कुणीतरी धरून ठेवल्यासारखा हलेना. अशात ते पत्र आलं. फार पूर्वी, दुकानात बसायच्याही आधी, मी भिंगांच्या एका कंपनीत अर्ज केला होता. गावोगावच्या दुकानदारांना डोळे तपासायचं नवीन यंत्र शिकवत फिरायचं. दर दोन महिन्यांनी नवं शहर. माझ्यासारखीसाठी याहून चांगलं काय असणार? आठ आठवड्यांनी रुजू व्हायचं होतं.

संध्याकाळी मी त्याला पत्र दाखवलं. त्याने ते पूर्ण वाचलं, खालच्या सहीपर्यंत. घडी घालून परत दिलं.

"छान झालं," तो म्हणाला.

बस्स. डबे बघितले, वहीत लिहिलं आणि गेला. मी दारात उभी. 'छान झालं' म्हणे. भाजी स्वस्त मिळाली तरी माणूस याहून जास्त बोलतो.

मला राग आला की मी पुसायला घेते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं दुकान पुसलं. आरसे, कपाटं, काउंटर, दोनशेच्या वर फ्रेमा. शोकेसची काच पुसली. मग दोन्ही डबे काउंटरवर आणले आणि आमच्या काचा पुसायच्या फवाऱ्याने झाकणं अशी लख्ख केली, की नवी वाटावीत. डबे परत फळीवर ठेवले. फडक्याची घडी करायला गेले तर फडक्यावर काळा डाग. मार्करचा.

झाकणं कोरी होती. डबे सारखे, रोपं सारखी, काटेसुद्धा सारखे. उजवीकडचा कुठला होता? मी कुठला आधी उचलला? मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला, तर डोळ्यांसमोर फक्त ते 'छान झालं' येत होतं. त्याने मला एकच पथ्य सांगितलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं तरी पथ्य पाळलं होतं. झाकण उघडलं नव्हतं. पुसू नको असं तो म्हणालाच नव्हता, कारण असलं काही कुणी करेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसणार.

मी मार्कर घेतला आणि अंदाजाने लिहून टाकलं. लाल-लाल. लाल-पांढरा. खाली तारीख.

तो पाचला आला. डब्यांपाशी उभा राहिला. नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला, असं मला वाटलं... की माझ्या मनातला चोर मला तसं दाखवत होता?

"आज काचा लख्ख आहेत," तो म्हणाला.

"हो. पुसल्या."

त्याने वही काढली, उघडली आणि काही न लिहिता मिटली.

पुढचे आठवडे कसे गेले ते मलाच माहीत. रोज ठरवायचे, आज सांगायचं. तो यायचा, काहीतरी गमतीचं बोलायचा, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटायची. लगाम नसलेली जीभ ती. नाव नसलेली नळी ते फेकून देतात, हे मी विसरले नव्हते. त्याच्या तीन वर्षांची मी एका फडक्याने माती केली होती, आणि वर खोटी पाटी लावली होती. पाटी पुसली जाणं ही चूक होती. नवी लिहिणं हा खोटेपणा होता. सांगितलं तर तो जाईल आणि नाही सांगितलं तर मीच जाणार आहे, असा सगळा पेच. मी घरी बॅग भरायला काढायची आणि तशीच रिकामी ठेवायची. मामी म्हणाली, हिच्या अंगात आलंय का काय.

जायच्या आधीच्या रविवारी झाकणं उघडायची होती. चार महिने झाले होते. दुकान बंद होतं, अर्धं शटर वर, आणि आम्ही दोघं काउंटरच्या दोन बाजूंना. त्याने बारा छोट्या कुंड्या आणल्या होत्या, आणि एक पुठ्ठ्याचं खोकं, आत कापूस घातलेलं.

"हे मॅडमना," तो म्हणाला. "परवा त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, गॅलरीत खिळा ठोकून ठेवलाय."

त्याने एका पांढऱ्या पट्टीवर पेन्सिलने लिहिलं, 'लाल-पांढरा'. ती पहिल्या कुंडीत खोचली आणि हात पुढे केला. "तो डबा द्या."

मी डबा उचलला. आणि त्याला न देता तसाच छातीशी धरला. कुठल्याशा शहरात एक म्हातारी बाई खिळा ठोकून बसली होती.

"कुठला ते मला माहीत नाही," मी म्हणाले.

त्याने हात मागे घेतला.

"मी झाकणं पुसली. त्या पत्राच्या दुसऱ्या दिवशी. मला तुमचा राग आला होता... म्हणजे तो भाग सोडा. अक्षरं गेली आणि मी अंदाजाने परत लिहिली. हा पांढऱ्याचा असेल किंवा नसेल. मॅडमना खोटं जाईल. मला आधीच सांगायला हवं होतं, रोज सांगणार होते. तुमची तीन वर्षं मी... फेकून द्यायचे तर द्या, मी काही म्हणणार नाही."

एवढं बोलून मी डबा खाली ठेवला. त्याने झाकणावरची अक्षरं नीट वाचली. मग पेन्सिल कानामागे खोचली.

"तुझा 'ल' वेगळा आहे," तो म्हणाला. "माझ्या 'ल'ला एवढी मोठी शेपटी नसते."

"म्हणजे... माहीत होतं?"

"त्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. नसतं सांगितलंस तर आज मुकाट्याने पाट्या बदलल्या असत्या, रोपं लावली असती आणि..." त्याने मातीचा एक खडा बोटांत चुरला. "आणि नंतर इकडून जाणं टाळलं असतं. मला फार वाईट वाटलं असतं."

"बदलल्या असत्या? कशाच्या आधारावर?"

त्याने वही काढून काउंटरवर ठेवली. "यात आकडे आहेत. लाल-लालमध्ये एक्केचाळीस रोपं आणि लाल-पांढऱ्यात चौतीस. एकही मेलेलं नाही. मोजायला पाच मिनिटं लागतील."

मी मटकन स्टुलावर बसले. सात आठवडे मी स्वतःला खात होते, आणि उत्तर रोज पाच वाजता त्याच्या खिशात बसून दुकानात येत होतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या मागोमाग एक विचित्र हुरहुर आली, हातातलं काहीतरी निसटल्यासारखी.

"तुम्ही मोजलंत का?"

"नाही. त्या दिवसापासून मोजलंच नाही."

"का?"

"मोजलं असतं तर कळलं असतं. मग तुझ्यासमोर रोज माहीत नसल्यासारखं तोंड करावं लागलं असतं. मला ते जमत नाही." तो आता माझ्याकडे सरळ बघत होता, अगदी मी पट्टी धरल्यावर बघायचा तसा. "तू ठरव. मोजलं तर आत्ता कळेल. नाही मोजलं आणि रोपं मिसळून लावली, तर फूल आल्यावरच."

"म्हणजे चार वर्षांनी."

"कधी पाचही."

मी वहीकडे बघितलं. बंद पाकीट दिसलं की मी ते उजेडात धरून बघणारी. गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचणारी. पाच मिनिटांचं काम होतं.

"मोजायचं नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. चार वर्षं विचारायला यावं लागेल, कळी आली का म्हणून. तुला माझ्याकडे आणि मला तुझ्याकडे. मला तू आवडतोस. ते 'छान झालं' म्हणालास तेव्हा मला तुझ्या डोक्यात तो फवारा घालावासा वाटला होता, इतका आवडतोस."

"मग काय म्हणायला हवं होतं? जाऊ नकोस म्हणायला मी कोण होतो? आणि तुला जावंसं वाटतंय, ते दिसतं. तू काम कर, फीर. झाडं कुठे पळून जात नाहीत." तो थांबला, आणि या वेळी आधी ओठ हसले. "मीही नाही."

"नाव नसलेलं तुम्ही फेकून देता म्हणाला होतास."

"नळी फेकतो. झाड नाही."

आम्ही दोन्ही डबे उलटे केले आणि रोपं एकत्र करून लावली, एकेका कुंडीत सहा-सात, काट्यांना न दुखवता. मातीने बरबटलेल्या हातांनीच त्याने माझ्या कपाळावरची बट मागे केली आणि मला दिवसभर तोंड धुवावंसं वाटलं नाही. 'लाल-पांढरा' लिहिलेली पट्टी त्याने खोडरबराने पुसली. मॅडमना फोन लावून मी सगळं खरं सांगितलं, फडक्यासकट. त्या पोटभर हसल्या. म्हणाल्या, "दोन कुंड्या पाठवा, दुसरा खिळा ठोकते. आणि त्याला सांग, मला निवृत्त झाल्यापासून वेळच वेळ आहे. मी थांबते."

पुढच्या शनिवारी सकाळी मी बसमध्ये बसले. मामा-मामी निरोप देऊन मागे उभे. मांडीवर पिशवी आणि पिशवीत एक कुंडी, ओल्या कागदात गुंडाळलेली. महिन्यातून दोन रविवार मी यायचं आणि एक रविवार त्याने, असं ठरलं होतं. कंपनीच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला असेल ते मला माहीत नव्हतं. गेल्या गेल्या पंजा धरून बघायचा होता.

इंजिन सुरू झालं. तो माझ्या खिडकीखाली आला आणि त्याने उजवा हात उचलला, पंजा पसरून.

मी काच सरकवली. "सावली बघतोयस?"

"नाही," तो म्हणाला. "हात करतोय."

मग मीही केला. बस वळेपर्यंत केला, आणि या वेळी तो केसांवरून फिरवावा लागला नाही.